पहिली मॅच जिंकली, चार महिन्यांत मोडला : फोर्ट वेनचा कीकिओंगा संघ

नदीपल्याड (धागाकर्ता)

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. फोर्ट वेन, इंडियाना. पाहुण्यांना दाखवावं असं जे काही गावात आहे ते दोन दिवसांत संपतं, म्हणून तिसऱ्या दिवशी पार्कव्ह्यू फील्डवर टिनकॅप्सची, म्हणजे गावच्या बेसबॉल संघाची, मॅच दाखवायला नेलं. दोन डाव त्या शेंगा सोलत गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "काय हो, ही माणसं नुसती उभीच आहेत. मारत का नाहीत?"

मी स्ट्राइक, बॉल, फाउल समजावत होतो तेवढ्यात शेजारचे आजोबा आमच्याकडे वळले आणि म्हणाले, व्यावसायिक लीगची पहिली मॅच याच गावात झाली, आणि आमच्याच संघानं जिंकली. मी मान डोलावली. गावोगावी असा एक माणूस असतोच. आपल्याकडे "महाराजांचा मुक्काम इथेच पडला होता" सांगणारा असतो तसा. घरी येऊन शोधलं तर आजोबा खरं बोलत होते. तेव्हापासून हे प्रकरण डोक्यात बसलंय ते बसलंय, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८६० च्या दशकात बेसबॉल हा 'हौशी' सभ्य गृहस्थांचा खेळ मानला जायचा. प्रत्यक्षात चांगल्या खेळाडूला गुपचूप पैसे मिळत, नाहीतर एखाद्या दुकानात नावापुरती नोकरी. १८६९ मध्ये सिनसिनाटीच्या रेड स्टॉकिंग्जनी हा बुरखा काढून टाकला आणि सगळ्या संघाला उघड पगार दिला. एकूण ९,३०० डॉलर. त्या वर्षी ते एकही मॅच हरले नाहीत. १४ जून १८७० ला ब्रुकलिनच्या अटलांटिक संघानं त्यांना ११ डावांत ८-७ असं हरवलं, मग प्रेक्षक आटले, आणि तो हंगाम संपल्यावर तो संघही संपला. पण 'पैसे घेऊन खेळणं लाजिरवाणं नाही' हे तोपर्यंत सगळ्यांना पटलं होतं.

१७ मार्च १८७१ ला न्यूयॉर्कमध्ये अशा क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि नॅशनल असोसिएशन स्थापन झाली. प्रवेश फी १० डॉलर. खेळाडू मिळवा, दहा डॉलर भरा, आलात लीगमध्ये. बोस्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, शिकागो, वॉशिंग्टन, ट्रॉय, क्लीव्हलँड, रॉकफर्ड आणि फोर्ट वेन असे नऊ संघ झाले. शिकागोची वस्ती तेव्हा तीन लाखांच्या आसपास, फोर्ट वेनची सतरा-अठरा हजार. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेनं रणजीला टीम पाठवावी तसं.

मग गावाकडे खेळाडू आले कुठून? इथे गंमत आहे. बाल्टिमोरचा मेरीलँड नावाचा क्लब १८७० मध्ये दौऱ्यावर निघाला आणि वाटेत त्याच्याकडचे पैसे संपले. फोर्ट वेनमध्ये अमेरिकन यादवी युद्धानंतर सुरू झालेला कीकिओंगा नावाचा हौशी क्लब होता. त्यानं त्या अडकलेल्यांपैकी बरेच जण आपल्याकडे ओढले. गावचा म्हणून जो संघ उभा राहिला त्याचा कणा हा असा, पाचशे मैलांवरून आलेला.

त्यातला एक बॉबी मॅथ्यूज. पिचर (चेंडू टाकणारा), वय १९, उंची पाच फूट पाच इंच, वजन ६३-६४ किलो. आपल्याकडे निवड समितीनं याला बारावा गडी म्हणूनसुद्धा नेलं नसतं.

४ मे १८७१, गुरुवार. खरं तर त्याच दिवशी वॉशिंग्टनला बोस्टनची मॅच होती, पण तिथे पाऊस पडला आणि 'पहिली' होण्याचा मान आमच्या गावाच्या पदरात पडला. हवा इथेही वाईटच होती. प्रेक्षक दोनशेच्या आसपास. समोर क्लीव्हलँडचे फॉरेस्ट सिटीज. नाणेफेक कीकिओंगानं जिंकली आणि आधी फील्डिंग घेतली. (हो, तेव्हा नाणेफेक असे, आणि जिंकणारा ठरवत असे आधी कोण खेळणार. क्रिकेटसारखंच.)

क्लीव्हलँडचा पहिला बॅटर जिम व्हाइट, ज्याला पुढे सगळे 'डीकन' म्हणू लागले. त्यानं सुरुवातीलाच डबल मारला, म्हणजे एका फटक्यात दुसरा बेस गाठला. लीगमधला पहिला हिट. लगेच पुढच्या जीन किंबलनं चेंडू सरळ सेकंड बेसमन टॉम केरीच्या हातात मारला. केरीनं झेल घेतला आणि व्हाइट बेसवर परतायच्या आत त्यालाही बाद केलं. लीगमधला पहिला हिट आणि पहिला डबल प्ले (एकाच चेंडूवर दोन बाद), दोन्ही काही क्षणांत. व्हाइटच्या तोंडावरचा भाव बघायला मिळायला हवा होता.

दुसऱ्या डावात कॅचर (बेसबॉलचा यष्टिरक्षक) बिल लेननने डबल मारला आणि जो मॅकडरमॉटच्या हिटवर तो धावत घरी, म्हणजे होम बेसवर, आला. १-० झाले. पाचव्या डावात आणखी एक. नवव्या डावात पावसानं उरलासुरला खेळ गुंडाळला. कीकिओंगा २, क्लीव्हलँड ०.

आज २-० म्हणजे रोजचा स्कोअर. तेव्हा वीस-वीस, तीस-तीस धावा होत. शून्यावर राहणं इतकं दुर्मीळ की त्याला खास शब्द होता : 'शिकागो होणे'. जुलै १८७० मध्ये न्यूयॉर्कच्या म्युच्युअल्सनी शिकागोला ९-० नं धुतलं, तेव्हापासून कुणी शून्यावर गेलं की त्याचा 'शिकागो' झाला म्हणत. तर लीगच्या पहिल्याच मॅचमध्ये क्लीव्हलँडचा शिकागो झाला.

आणि मग उतरण. पुढच्या साडेतीन-चार महिन्यांत १८ मॅच, त्यातल्या ६ जिंकल्या. एकूण हिशेब ७ विजय, १२ पराभव. हंगामाच्या मध्यातच खेळाडू फुटू लागले, काहींना क्लबनंच काढलं. लेनन गेला, कप्तानी हॅरी डीनकडे आली. ऑगस्टच्या अखेरीस संघ मोडला. त्याच्या जागी ब्रुकलिनचा एकफोर्ड संघ आला, जो वसंतात लीगबाहेर राहिला होता, पण त्याचे निकाल गुणतक्त्यात धरले नाहीत. मैदानावरचा मोठा प्रेक्षकमंडप, ज्याला लोक 'ग्रँड डचेस' म्हणत, तो त्याच वर्षी नोव्हेंबरात जळाला.

संघ गेला, मंडप गेला, नाव उरलं. त्या नावाबद्दल मला बरंच लिहायचंय, पण ते खाली लिहितो. आधी तुमचे दगड येऊ द्या.

---

गल्लीतला_बोलर

जबरदस्त! वाचनखूण साठवली. एक शंका. तेव्हा ग्लोव्ह्ज होते का? आणि पिचर आत्तासारखाच फेकायचा?

---

नदीपल्याड

@गल्लीतला_बोलर, नाही हो. पिचरनं ४५ फुटांवरून, हात कमरेखालून झुलवत टाकायचा. आणि ऐका, बॅटर सांगू शकायचा की मला वरचा चेंडू हवाय की खालचा! हा नियम त्याच १८७१ च्या हंगामापासूनचा. लग्नाच्या पंगतीत "जरा कडेची जिलबी वाढा" म्हणावं तसं.

ग्लोव्ह्ज नाहीत. लेनन उघड्या हातांनी कॅचरगिरी करत होता.

आणि खास तुमच्यासाठी : मागे गेलेला फाउल चेंडू एका टप्प्यानंतर पकडला तरी बॅटर बाद. हा नियम १८८३ पर्यंत होता.

---

गल्लीतला_बोलर

म्हणजे वन टप्पा आऊट!! आमच्या चाळीत आम्ही हा नियम जोश्यांच्या खिडकीच्या काचेमुळे लावला होता. अमेरिकन लोकांना कोणाच्या काचेची भीती होती?

---

निवृत्त_यष्टिरक्षक

उघड्या हातांच्या उल्लेखावर थांबलो. मी सव्वीस वर्षं कचेरीच्या संघाचा कीपर होतो, त्यातली बरीच कांगा लीगच्या पावसात. ग्लोव्ह्ज असूनही उजव्या हाताची करंगळी आज पेराशी बाहेरच्या बाजूला वळलेली आहे. चहाचा कप धरला की ती एकटीच बाजूला उभी राहते, नातवाला वाटतं आजोबा ऐटीत चहा पितात. ओल्या चेंडूचं वजन वेगळं असतं, तो तळव्यात घुसत नाही, बोटाच्या टोकावर आदळतो. पावसाळी हवेत, उघड्या हातांनी, नऊ डाव. आणि वर तो लेनन डबल मारून पळतोय. साहेब, २-० मधला माझा सामनावीर तो.

---

सोवळा_अंपायर

लेख छान, पण एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. 'पहिली' हा शब्द जपून वापरा. १९६९ मध्ये मेजर लीगच्या (अमेरिकेतलं सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल) खास समितीनं ठरवलं की नॅशनल असोसिएशन ही मेजर लीग धरायची नाही. वेळापत्रक आणि कारभार फारच विस्कळीत होता म्हणून. त्यामुळे अधिकृत पहिली मॅच म्हणजे २२ एप्रिल १८७६, नॅशनल लीग, बोस्टन विरुद्ध फिलाडेल्फिया. तुमच्या आजोबांना नमस्कार सांगा, पण नियम म्हणजे नियम.

---

नदीपल्याड

@सोवळा_अंपायर, मी 'व्यावसायिक लीगची पहिली' म्हटलंय, 'मेजर लीगची' नाही. हा शब्द टाकताना तुमचीच आठवण झाली होती :)

कारभाराबद्दल तुमचं बरोबर आहे. ठरावीक वेळापत्रक नव्हतंच. प्रत्येक जोडीनं पाच मॅचची मालिका खेळायची, तारखा क्लबांच्या सचिवांनी पत्रव्यवहारानं ठरवायच्या. दूरचा दौरा परवडला नाही की लोक जातच नसत. रॉकफर्डचे काही विजय तर एका खेळाडूच्या पात्रतेवरून नंतर कागदावर काढून घेतले. पण मग व्हाइटचा तो डबल कुठे टाकायचा? व्हाइटला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या यादीत, घेतलं (२०१३ मध्ये, मेल्यानंतर ७४ वर्षांनी, तेही ठीकच). माणूस धरायचा आणि त्याचा पहिला हिट धरायचा नाही?

---

सोवळा_अंपायर

व्हाइट १८९० पर्यंत खेळला. त्याला नॅशनल लीगमधल्या कामगिरीवरही घेता येतं. तुमचा मुद्दा भावनिक आहे.

(आणि हाच व्हाइट पृथ्वी सपाट आहे असं मानायचा, हे तुम्ही सोयीस्कर गाळलंत.)

---

कोथरूडकर_एकटा

चार महिन्यांत संघ मोडला याचं एवढं काय? आम्ही पुणेकर आहोत. पुणे वॉरियर्स २०११ ला आले, २०१३ ला गेले. मग रायझिंग पुणे, दोन हंगाम, २०१७ ची फायनल मुंबईकडून एका धावेनं हरून रीतसर विसर्जन. कोचीचा संघ तर एकाच हंगामात आटोपला. आम्ही जर्सी विकत घेतल्या होत्या. माझी आता गाडी पुसायला आहे.

एक फरक मात्र आहे. आमच्या संघात पुण्याचं फारसं कोणी नव्हतं आणि तुमच्या संघात फोर्ट वेनचं. म्हणजे फरक नाहीच.

---

आकडेमोड्या

@कोथरूडकर_एकटा, आयपीएलला टीव्हीचा पैसा आहे, त्यांना फक्त गेट. दोनशे माणसं, तिकीट पंचवीस सेंट धरा किंवा पन्नास, हातात पन्नास ते शंभर डॉलर. त्यातून पाहुण्या संघाचा वाटा, रेल्वेभाडं, हॉटेल, दहा जणांचे पगार. सिनसिनाटीत एकट्या जॉर्ज राइटला वर्षाचे १,४०० डॉलर होते. हे गणित जमणारच नव्हतं. विचारायचं तर हे विचारा की ऑगस्टपर्यंत तरी कसा टिकला.

---

नदीपल्याड

@आकडेमोड्या, मी हेच चार पानांत सांगायच्या बेतात होतो, तुम्ही पाच ओळींत उरकलंत.

फक्त एक भर : खेळाडूंना बांधून ठेवणारं काहीच नव्हतं. जास्त पैसे दिसले की करार मोडून दुसऱ्या संघात उडी. अशांना तेव्हा 'रिव्हॉल्वर' म्हणत, गोल फिरत राहणारा म्हणून. छोट्या गावाचा संघ तीन मॅच हरला की गेट पडायचं, गेट पडलं की पगार थकायचा, पगार थकला की रिव्हॉल्वर फिरायचे. कीकिओंगा यातला पहिला, शेवटचा नाही.

---

कनेटिकटची_कालिंदी

आमच्या शेजारच्या मिडलटाउनचंही हेच. मॅन्सफील्ड्स, १८७२. यादवी युद्धातल्या ॲन्टिएटमच्या लढाईत पडलेल्या जनरल मॅन्सफील्डचं नाव. ५ जिंकल्या, १९ हरल्या, ऑगस्टमध्ये खलास. पुढच्या वर्षी न्यू जर्सीतल्या एलिझाबेथचा रेझोल्यूट्स : २ जिंकल्या, २१ हरल्या. नाव 'दृढनिश्चयी', बरं का. १८७५ मध्ये आयोवातल्या कीओकक गावाचा वेस्टर्न्स : १ आणि १२. आणि त्याच वर्षी बोस्टननं ७१ जिंकल्या, ८ हरल्या. हॉटेलातल्या पंगतीत एकाच्याच ताटात सगळं वाढावं तसं. पुढच्या वर्षी मोठ्या क्लबांनी नॅशनल लीग काढली ती ही गावठी पाहुणेमंडळी गाळूनच.

---

जिमखान्याचा_भूत

अवांतर : क्रिकेटवाल्यांनी कॉलर ताठ करावी अशी गोष्ट. सिनसिनाटीचा तो पगारी संघ ज्यानं बांधला तो हॅरी राइट मुळात इंग्लंडमधल्या शेफील्डचा, धंद्यानं क्रिकेटर. सिनसिनाटीत त्याला आणलं तेच क्रिकेट क्लबचा प्रोफेशनल म्हणून. १८७४ मध्ये तो बोस्टन आणि फिलाडेल्फियाचे संघ घेऊन इंग्लंडला गेला आणि तिथे त्यांनी बेसबॉलबरोबर क्रिकेटचेही सामने खेळले. १८८९ च्या जानेवारीत क्रीडासाहित्याचा व्यापारी स्पाल्डिंग याची टोळी जगभर बेसबॉल दाखवत कोलंबोपर्यंत आली होती. तिथून इजिप्त. मुंबई राहिली. ती मंडळी आझाद मैदानावर उतरली असती तर आज निवृत्त यष्टिरक्षकांची करंगळी कदाचित सरळ असती.

---

निवृत्त_यष्टिरक्षक

@जिमखान्याचा_भूत, करंगळी सरळ असती, अंगठा गेला असता.

---

पाटीपूजन

नावाबद्दल सांगणार होता ना? 'कीकिओंगा' म्हणजे काय? जपानी वाटतं.

---

नदीपल्याड

जपानी नाही. आमच्या गावात तीन नद्या आहेत : सेंट जोसेफ आणि सेंट मेरीज एकत्र येतात आणि त्यातून मॉमी निघते. त्या संगमावर मायामी लोकांची मोठी वस्ती होती, तिचं नाव कीकिओंगा. (फ्लोरिडाच्या मायामीशी संबंध नाही, हे लोक इथलेच.) त्यांचा सेनानी लिटल टर्टल. त्यानं १७९० मध्ये इथेच अमेरिकन सैन्याला मागे रेटलं, १७९१ मध्ये जनरल सेंट क्लेअरच्या फौजेचा असा धुव्वा उडवला की मूळ रहिवाशांकडून अमेरिकन सैन्याचा एवढा मोठा पराभव पुन्हा झाला नाही. मग १७९४ मध्ये अँथनी वेन आला, फॉलन टिंबर्सला जिंकला आणि कीकिओंगाच्या समोर किल्ला बांधला. त्या किल्ल्यावरून गावाचं नाव पडलं फोर्ट वेन.

आता तारखा बघा. ऑक्टोबर १८४६ मध्ये मायामी लोकांपैकी तीनशेहून जास्त जणांना सक्तीनं कालव्यातल्या बोटींत बसवून कॅन्ससकडे पाठवलं. त्या बोटी फोर्ट वेनवरूनच गेल्या. त्यानंतर वीसेक वर्षांत त्याच गावच्या पोरांनी क्लब काढला आणि त्याला नाव दिलं कीकिओंगा. ४ मे १८७१ ला मैदानाशी जे दोनशे लोक उभे होते, त्यांच्यातल्या चाळिशी उलटलेल्या कितीतरी जणांनी त्या बोटी स्वतः पाहिल्या असणार.

मी संध्याकाळी संगमावर फिरायला जातो. पाणी तपकिरी, संथ. मार्चमध्ये दोन्ही काठांनी चढतं. पलीकडे घरं, पुढे पूल. कीकिओंगा म्हणून दाखवावं असं तिथे काही नाही.

---

सोवळा_अंपायर

हे माहीत नव्हतं. गावातून माणसं घालवायची आणि नाव छातीवर मिरवायचं. आपल्याकडेही धरणाखाली गेलेल्या गावांची नावं कॉलनीला देतात, पण तिथे निदान राहायला त्याच गावचे लोक असतात.

'पहिली' बद्दलचं माझं मत तेच आहे.

---

गल्लीतला_बोलर

आणि मॅथ्यूज? तो पाच फूट पाच इंची? त्याचं पुढे काय झालं?

---

नदीपल्याड

संघ मोडला तेव्हा तो विशीतही नव्हता. पुढे बाल्टिमोर, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया असं खेळत राहिला, १८८७ पर्यंत. एकूण विजय २९७. त्यातले १३१ नॅशनल असोसिएशनमधले, म्हणजे सोवळ्यांच्या नियमानं ते धरायचेच नाहीत, उरले १६६. तीनशेला तीन कमी आणि त्यातले निम्म्याच्या जवळपास बाद. हॉल ऑफ फेममध्ये अजून नाही. थुंकी लावून चेंडू टाकायची युक्ती त्याचीच, असंही काही जण म्हणतात. १८९८ मध्ये बाल्टिमोरला गेला, वय ४६.

---

सोवळा_अंपायर

२९७ धरा. एवढं एक धरा.

---

पाटीपूजन

अंपायरनी निर्णय बदलला! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

---

नदीपल्याड

काल सासूबाईंचा साताऱ्याहून फोन होता. त्यांना हा धागा वाचून दाखवला, नावाच्या भागापर्यंत. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "म्हणजे दोन्ही संघांच्या मिळून नऊ डावांत दोनच धावा? बरं झालं तुम्ही मला आत्ताची मॅच दाखवलीत." मग विचारलं, पुढच्या खेपेला येईन तेव्हा संगम दाखवाल का.